निरंकची चिठ्ठी आणि अडकलेली क्रेडिट नोट

मागील अंकातील टिपणात मी असे सुचवले होते की, कार्यालयासाठी नवी संगणक प्रणाली करून घेण्यापूर्वी कामाचा ओघ आकृतीत मांडावा आणि ती आकृती तपासल्याखेरीज प्रणाली बांधणाऱ्यांच्या हाती देऊ नये. त्यावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण अनेक कार्यालयांत वेगवेगळ्या रूपांत आढळते आणि पत्रलेखिकेने ती अत्यंत नेमकेपणाने मांडली आहे.

प्रश्न : मी तुर्भे येथील एका औषध वितरकाकडे हिशेब विभागात काम करते. दुकानदारांकडून परत येणाऱ्या मालासाठी आमच्याकडे नवी प्रणाली बसवली आहे. माल गोदामात आला की त्याची नोंद होते, मग तपासणी होते. मुदत संपलेला माल नाशाच्या यादीत जातो, चांगला माल पुन्हा साठ्यात घेतला जातो आणि शेवटी दुकानदाराची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम त्याच्या खात्यात जमा दाखवणारा कागद, निघते. चाचणीसाठी आम्ही तीन खोकी तयार केली होती आणि काही सुटू नये म्हणून प्रत्येक खोक्यात दोन्ही प्रकारचा माल मुद्दाम ठेवला होता. तिन्ही वेळा सर्व सुरळीत झाले. प्रत्यक्षात मात्र महिनाभरातच अनेक क्रेडिट नोटा अडकल्या. पडद्यावर ‘प्रलंबित’ असे दिसते, पण कोणाकडे प्रलंबित आहे, ते दिसत नाही. दुकानदारांचे फोन मला घ्यावे लागतात. आकृती सोबत जोडली आहे. चूक कोठे आहे?

उत्तर : आपली आकृती मी मोठ्या कागदावर उतरवून घेतली आणि तिच्यावर रुपयाची नाणी फिरवून पाहिली. आपणही तसेच करावे, कारण चूक वाचून समजते त्यापेक्षा नाणे अडलेले पाहिल्यावर अधिक लवकर समजते. एक नाणे म्हणजे काम सध्या जेथे आहे ती जागा. चौकोन म्हणजे एखादे काम. ते पूर्ण झाले की नाणे पुढच्या बाणावर ठेवायचे. शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आली की मात्र तिच्यातील चिन्ह पाहायचे. अधिकचे चिन्ह असलेल्या चौकटीतून वाटा फुटत असतील, तर प्रत्येक वाटेवर एकेक नाणे ठेवायचे. तशाच चौकटीत वाटा येऊन मिळत असतील, तर येणाऱ्या प्रत्येक बाणावर नाणे आल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. फुलीचे चिन्ह असेल, तर अनेक वाटांपैकी एकच वाट धरायची आणि येऊन मिळताना जे नाणे येईल ते न थांबवता पुढे सोडायचे. वर्तुळाचे चिन्ह असेल, तर एक किंवा अनेक, ज्या वाटा लागू असतील तेवढ्यांवर नाणी ठेवायची.

आपल्या आकृतीत तपासणीनंतर वर्तुळाची चौकट आहे आणि क्रेडिट नोटेच्या आधी अधिकची. खोक्यात दोन्ही प्रकारचा माल असेल, तर दोन नाणी निघतात, दोन्ही अधिकच्या चौकटीशी पोहोचतात आणि नोट निघते. आता फक्त मुदत संपलेल्या गोळ्यांचे खोके घ्या. एकच नाणे निघते, नाशाच्या यादीतून जाते आणि अधिकच्या चौकटीसमोर येऊन थांबते. दुसऱ्या बाणावर नाणे कधीच येणार नसते, कारण त्या वाटेवर कोणी पाऊलच टाकलेले नाही. हे नाणे कोणत्याही माणसाच्या टेबलावर नाही. ते दोन कामांच्या मधल्या जागेत आहे. म्हणूनच पडद्यावर ‘प्रलंबित’ दिसते आणि पुढे नाव दिसत नाही. आपली चाचणी निष्काळजीपणाची नव्हती. ती सर्व काही एकाच खोक्यात घालून पाहणारी होती आणि नेमके तेच एक खोके या आकृतीतून सुखरूप पार होणारे होते.

यावर पहिला उपाय सुचतो तो शेवटच्या चौकटीतील अधिकचे चिन्ह काढून फुली करण्याचा. कृपया तसे होऊ देऊ नका. त्याने अडकलेल्या नोटा सुटतील हे खरे, परंतु दोन्ही प्रकारचा माल असलेल्या खोक्याची दोन नाणी एकामागून एक पुढे जातील आणि एकाच परताव्याच्या दोन नोटा निघतील. अडकलेल्या नोटेसाठी दुकानदार फोन तरी करतो. दुबार निघालेल्या नोटेसाठी कोणी फोन करत नाही. ती ताळमेळाच्या वेळी सापडते, आणि क्रेडिट नोट जीएसटीच्या विवरणपत्रातही जात असल्याने ती दोन ठिकाणी निस्तरावी लागते. माझ्या मते अडकणाऱ्या प्रणालीपेक्षा दुबार देणारी प्रणाली अधिक घातक आहे.

दुसरा उपाय म्हणजे शेवटच्या चौकटीतही वर्तुळ घालणे, अर्थात जेवढी नाणी निघाली असतील तेवढीच येईपर्यंत थांबणे. कागदावर हे सोपे दिसते. पण त्या चौकटीला मागे काय घडले आणि अजून एखादे नाणे वाटेत आहे का, हे कळायला हवे. केवळ समोर आलेल्या बाणांकडे पाहून ते कळत नाही. या चौकटीचा नेमका अर्थ काय धरावा, यावर अभ्यासकांत वर्षानुवर्षे चर्चा झाली आहे आणि निरनिराळी सॉफ्टवेअर तिचा अर्थ थोडा निरनिराळा लावतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती कशी वागते याची खात्री असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

मी तिसरा मार्ग सुचवतो आणि तो आपल्या सरकारी कार्यालयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत महिन्याचे विवरणपत्र मागवले जाते, तेव्हा सांगण्यासारखे काही नसले तरी ‘निरंक’ असे लिहून ते पाठवावेच लागते. कारण विवरणपत्र आलेच नाही, तर काही घडले नाही की अहवालच यायचा राहिला, हे वरच्या कार्यालयाला ओळखता येत नाही. आपल्या आकृतीतही तपासणीनंतर दोन्ही वाटा नेहमीच उघडा. जेथे माल नसेल तेथे निरंकची चिठ्ठी पुढे जाऊ द्या. म्हणजे पहिल्या चौकटीतही अधिकचे चिन्ह येईल, शेवटचे अधिकचे चिन्ह जसेच्या तसे राहील, प्रत्येक खोक्याची दोन नाणी निघतील, दोन पोहोचतील आणि एकच नोट निघेल. कामाचा ओघ लिहिण्यासाठी केलेल्या बीपेल या संगणकीय भाषेतही न घेतलेली वाट मृत ठरवून तशी वर्दी पुढे पाठवण्याची सोय याच कारणासाठी ठेवलेली आहे. मात्र निरंकची नोंद तपासणीतील संख्या शून्य असल्यावर प्रणालीने आपोआप करावी. गोदामातील माणसाला त्यासाठी वेगळे बटण दाबायला लावले, तर गर्दीच्या दिवशी ते राहून जाईल आणि आपण पुन्हा होतो तेथेच येऊ.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आज अडकलेल्या नोटा दुकानदारांच्या आग्रहाखातर हाताने काढल्या जात असतील, तर त्या प्रत्येक परताव्याची प्रणालीतील जुनी फेरी रद्द करून तशी नोंद ठेवा. अन्यथा दुरुस्ती झाली की चौकटीसमोर थांबलेली सर्व नाणी एकाच दिवशी सुटतील आणि हाताने काढलेल्या प्रत्येक नोटेला जोडीला दुसरी नोट मिळेल.

प्रश्न : मी ऐरोली येथे सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे चाचणीसाठी अनुभवी माणसे आहेत आणि चाचण्यांची यादी मोठी आहे. मग आकृतीची वेगळी पडताळणी करण्याने काय साधते? ते प्राध्यापकांचे काम वाटते.

उत्तर : आपल्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण वरील पत्रातील तीन खोकी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. चाचणीत आपण निवडलेल्या वाटा तपासतो. पडताळणीत आकृतीला शक्य असलेल्या सर्व वाटा तपासल्या जातात आणि त्यांत आपल्याला न सुचलेल्या वाटाही येतात. समजा, एकाच वेळी चालू शकणारी 10 कामे आहेत आणि प्रत्येक काम सुरू न झालेले, चालू किंवा पूर्ण झालेले, अशा तीन स्थितींपैकी एकीत असू शकते. एकत्रित स्थिती 59,049 होतात. कामे 20 झाली, तर 348 कोटींहून अधिक. चाचण्यांची यादी कितीही मोठी असली तरी ती या आकड्यापुढे लहानच राहते.

नेदरलँड्समधील संगणकशास्त्रज्ञ विल व्हॅन डेर आल्स्ट यांनी 1990 च्या दशकात कामाच्या आकृतीसाठी निर्दोषतेची कसोटी मांडली. तिचे तीन भाग आहेत. सुरू झालेले प्रत्येक प्रकरण, ते कोणत्याही टप्प्यावर असो, शेवटापर्यंत पोहोचू शकले पाहिजे. शेवट झाला तेव्हा मागे कोठेही नाणे उरलेले नसावे. आणि आकृतीत असे एकही काम नसावे, जे कधीच घडू शकत नाही. तुर्भ्याची आकृती पहिल्या भागातच अडते. फुलीची सुचवलेली दुरुस्ती दुसऱ्या भागात अडली असती, कारण पहिली नोट निघून प्रकरण संपले तरी एक नाणे मागे फिरत राहते. या कसोटीत औषधे किंवा क्रेडिट नोटा यांविषयी काहीही माहिती लागत नाही, हे मला तिचे मोठे बळ वाटते. केवळ आकृतीच्या घडणीवरून दोष सापडतो. एसएपी या जर्मन कंपनीच्या आर-थ्री प्रणालीसोबत दिल्या जाणाऱ्या 604 नमुना आकृत्यांची संशोधकांनी अशी यांत्रिक तपासणी केली, तेव्हा किमान 34 आकृत्यांत दोष आढळले. त्यासंबंधीचा शोधनिबंध 2006 साली प्रसिद्ध झाला. या आकृत्या जाणकारांनी काढलेल्या आणि इतरांनी आदर्श म्हणून वापरायच्या होत्या.

घडण निर्दोष असली तरी नियम मोडू शकतात; त्यासाठी दुसऱ्या प्रकारची पडताळणी आहे. ‘तपासणी झाल्याखेरीज नोट निघता कामा नये’ किंवा ‘तक्रार नोंदवली गेली की केव्हा ना केव्हा तिला उत्तर गेलेच पाहिजे’ अशी विधाने काळाच्या तर्कशास्त्रात लिहिता येतात. हे तर्कशास्त्र आमिर प्नुएली यांनी 1977 साली संगणकीय आज्ञावलींसाठी वापरात आणले. पुढे एडमंड क्लार्क, ॲलन एमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांनी अशी विधाने यंत्राकडून तपासून घेण्याची पद्धत विकसित केली. तिघांना त्यासाठी संगणकशास्त्रातील 2007 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तपासनीस म्हणून आपल्याला यातील एक गोष्ट विशेष आवडेल असे वाटते. विधान खोटे ठरले, तर यंत्र नुसता नकार देत नाही. कोणत्या पायऱ्यांनी गेल्यावर नियम मोडतो तो संपूर्ण क्रम ते पुढे ठेवते. तो क्रम उचलून आपल्या यादीत चाचणी म्हणून जसाच्या तसा घालता येतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्थितींची संख्या फार वाढली की यंत्रही थकते आणि आकृती लहान तुकड्यांत तोडावी लागते. शिवाय पडताळणी आकृतीची होते. प्रणाली त्या आकृतीबरहुकूम बांधली गेली का, हे तपासण्यासाठी आपली चाचणी लागणारच.

प्रश्न : मी घोडबंदर रोडवरील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. कंत्राटदारांच्या बिलांची मंजुरी आम्ही ॲपवर आणली आहे. व्यवस्थापक बिल नोंदवतो, मी तपासतो, खजिनदार मंजूर करतात आणि रक्कम अदा होते. माझी तपासणी बिल परत पाठवू शकते, खजिनदारही परत पाठवू शकतात. खजिनदार परगावी गेल्यास त्यांचे अधिकार तात्पुरते माझ्याकडे येतात. इतक्या साध्या आकृतीतही काही तपासण्यासारखे असते का?

उत्तर : घडण साधी आणि निर्दोष आहे, पण मला दोन जागा खटकतात. आपली आकृती पदांची नावे घेते, माणसांची नाही. खजिनदार परगावी असताना तपासणारे आणि मंजूर करणारे आपण एकटेच असता आणि दोन सह्यांचा उद्देशच उरत नाही. ‘एकाच बिलावर तपासणी व मंजुरी एकाच व्यक्तीची नसावी’ असा नियम ॲपमध्ये घालून घ्या आणि अधिकार देताना ते अध्यक्षांकडे किंवा समितीच्या अन्य सदस्याकडे जावेत असे ठरवा. दुसरी जागा परत पाठवण्याची आहे. खजिनदारांनी बिल परत केले, व्यवस्थापकाने रक्कम बदलली आणि आपली आधीची तपासणी तशीच ग्राह्य राहिली, तर आपण न पाहिलेल्या रकमेवर आपले नाव असेल. रक्कम बदलताच आधीच्या सर्व सह्या रद्द व्हाव्यात. हे ॲप करते की नाही, ते शंभर रुपयांचे एक खोटे बिल घालून आजच पाहून घ्या.

प्रश्न : मी ठाण्यात माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी बीपीएमएन शिकावे की पेट्री नेट? पेट्री नेट जुने झाले असे मित्र म्हणतात.

उत्तर : दोन्हींचे काम वेगळे आहे. कार्ल ॲडम पेट्री यांनी 1962 साली जर्मनीतील डार्मश्टाट येथे सादर केलेल्या प्रबंधातून पेट्री नेटची कल्पना पुढे आली; वर मी नाण्यांचा जो खेळ सांगितला, तो मुळात त्यातलाच आहे. बीपीएमएन ही कामाच्या आकृत्या काढण्याची चिन्हभाषा 2004 साली प्रसिद्ध झाली, तिची दुसरी आवृत्ती 2011 मध्ये आली आणि 2013 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कार्यालयातील लोकांशी बोलताना बीपीएमएन वापरा, कारण ती त्यांना वाचता येते. तिचा अर्थ नेमका काय, हे विचारायची वेळ आली की आकृती पेट्री नेटमध्ये उतरवा, कारण तेथे नाण्यांच्या जागा दाखवणाऱ्या गोलांत किती नाणी आहेत एवढ्यावरच सर्व काही ठरते आणि मतभेदाला जागा राहत नाही. प्रकल्पासाठी महाविद्यालयाचीच एखादी प्रक्रिया घ्या. ग्रंथालयातील पुस्तक हरवल्यास पुढे काय होते, यासारखी. खिडकीपलीकडे बसणाऱ्या ग्रंथपालांना ‘असे न घडल्यास आपण काय करता’ हा प्रश्न विचारत राहा. आकृतीतील निम्म्या वाटा त्या उत्तरांतून मिळतात.

प्रश्न : महापे येथील एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. आमची आकृती तज्ज्ञांनी तपासलेली आहे, पण लोक तिच्याप्रमाणे काम करतात का, याची मला शंका आहे. प्रणालीतील जुन्या नोंदींवरून ते शोधता येते असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. प्रत्येक नोंदीत प्रकरणाचा क्रमांक, केलेले काम आणि वेळ, एवढ्या तीन गोष्टी असल्या तरी सुरुवात करता येते. एका खरेदी आदेशाच्या सर्व नोंदी वेळेनुसार लावल्या की त्याचा प्रत्यक्ष प्रवास समोर येतो. असे हजारो प्रवास आकृतीवर चालवून पाहिले की नाणे कोठे अडते आणि आकृतीत नसलेली उडी कोठे मारली जाते, हे दिसते. प्रॉम नावाचे मोफत सॉफ्टवेअर यासाठी वापरता येते.

मात्र निष्कर्षापूर्वी वेळेच्या रकान्याकडे नीट पाहा. अनेक कारखान्यांत माल दिवसभर फाटकातून आत येतो आणि त्याच्या आवक नोंदी संध्याकाळी एकदम संगणकावर चढवल्या जातात. प्रणाली लिहिते ती नोंद चढवल्याची वेळ असते, माल आल्याची नव्हे. मग गुणवत्ता तपासणी दुपारी तीनची आणि माल येणे सायंकाळी सातचे, असे चित्र दिसते आणि न आलेल्या मालाची तपासणी केल्याचा ठपका एखाद्या प्रामाणिक माणसावर येतो. आधी चार दिवस फाटकावरील आवक वही आणि संगणकावरील नोंदी शेजारी ठेवून वेळा जुळवून पाहा. उड्या मारणाऱ्यांना जाब विचारण्यापूर्वी त्यांनी उडी का मारली, हेही विचारा. तातडीचा सुटा भाग आणण्यासाठी खरेदी आदेशाआधीच माणूस पाठवावा लागत असेल, तर त्या कामाची वाट आकृतीत काढलेलीच नाही. ती काढा, तिला रकमेची मर्यादा घाला, दुसऱ्या दिवशी आदेश करून घेण्याची अट जोडा आणि नव्या आकृतीवर पुन्हा नाणी फिरवा.